उंदीर परत का आले?

सरकारनं हात आखडता घेतला म्हणून सरकारी दवाखाना एका रात्रीत बंद पडत नाही. आधी नळ गळू लागतात, मग औषधाच्या खिडकीवर ‘बाहेरून आणा’ असं ऐकू येऊ लागतं आणि शेवटी वॉर्डात उंदीर फिरू लागतात. इंदूर, चेन्नई आणि सुरत... तीन शहरांनी १९९४-९५च्या सुमारास या दुखण्यावर तीन वेगवेगळे उपाय केले. तीस वर्षांनंतर त्यांचा जमाखर्च मांडला, तर काय दिसतं?

सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेग आल्याची बातमी पसरली आणि लाखो लोकांनी मिळेल त्या गाडीनं शहर सोडलं. त्याआधी काही आठवडे आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. १९६६नंतर देशात प्लेगचा रुग्ण नोंदलाच गेला नव्हता, त्यामुळे हा रोग आता फक्त इतिहासाच्या पुस्तकात उरला, अशी सर्वांची समजूत होती. सुरतेहून निघालेल्या गाड्या गावोगावी पोचल्या तशी लोकांची नजर प्रथम उंदरांकडे वळली.

इंदूरला त्यासाठी फार शोधाशोध करावी लागली नाही. महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजेच इंदूरकरांचं ‘एम. वाय.’, हे माळव्या-निमाडातल्या गोरगरिबांचं हक्काचं ठिकाण. होळकरांच्या नावाच्या या अवाढव्य इमारतीत रुग्णांइतकाच उंदरांचाही मुक्काम होता. कोपऱ्याकोपऱ्यांत वर्षानुवर्षांचं भंगार साचलेलं, गटारं तुंबलेली. अखेर तेव्हाचे जिल्हाधिकारी एस. आर. मोहंती यांच्या पुढाकारानं एक अभूतपूर्व मोहीम हाती घेण्यात आली. रुग्णांना शहरातल्या इतर रुग्णालयांत हलवून इमारत रिकामी करण्यात आली. ट्रकच्या ट्रक भरून कचरा बाहेर निघाला, हजारो उंदीर मारले गेले, भिंतींना रंग लागला. इंदूरकरांनी या कामासाठी सढळ हातानं देणग्या दिल्या.

मोहीम फत्ते झाली. पण रुग्णालय स्वच्छ झालं त्याच दिवशी दुसरा प्रश्न उभा राहिला. उद्या हे झाडायचं कुणी आणि त्या झाडूचे पैसे द्यायचे कुणी?

कात्री नेमकी कुठं लागते?

या प्रश्नामागं त्या काळाची पार्श्वभूमी होती. १९९१च्या आर्थिक संकटानंतर सरकारी खर्चाला चाप बसला. २००२च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं स्वतःच कबुली दिली आहे, की आरोग्यावरचा सरकारी खर्च १९९०मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.३ टक्के होता, तो १९९९पर्यंत ०.९ टक्क्यावर घसरला. हे आकडे आधीच तोकडे, त्यातही घट. म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

घरखर्चात ओढाताण झाली, की गृहिणी काय करते? घरभाडं आणि मुलांची फी चुकवता येत नाही. मग दुरुस्ती पुढं ढकलली जाते, भाजीत काटकसर होते, छप्पर गळत असलं तरी ‘यंदाचा पावसाळा निघेल’ असं म्हटलं जातं. सरकारी रुग्णालयाचंही तसंच होतं. पगार थांबवता येत नाहीत. कात्री लागते ती औषधांना, साफसफाईला आणि यंत्रांच्या दुरुस्तीला. परिणामी डॉक्टर असतो, पण सलाइनची बाटली नसते. क्ष-किरण यंत्र असतं, पण फिल्म नसते. कागदोपत्री रुग्णालय चालू असतं आणि बाहेरच्या औषध दुकानांपुढं मात्र रांग लागलेली असते.

इंदूरचा तोडगा

यावर इंदूरनं काढलेला उपाय म्हणजे ‘रोगी कल्याण समिती’. लोकप्रतिनिधी, अधिकारी, डॉक्टर आणि देणगीदार नागरिक यांची ही नोंदणीकृत संस्था. ऐपत असलेल्या रुग्णांकडून तपासण्यांचं माफक शुल्क घ्यायचं, गरिबांना त्यातून सूट द्यायची, देणग्या गोळा करायच्या, आवारातली जागा दुकानांसाठी भाड्यानं द्यायची आणि हा सगळा पैसा त्याच रुग्णालयावर खर्च करायचा.

यातली खरी मेख शेवटच्या वाक्यात आहे. तोवर सरकारी रुग्णालयात जमा होणारा प्रत्येक रुपया सरकारी तिजोरीत जात असे. वॉर्डातला पंखा बिघडला, तर दुरुस्तीच्या मंजुरीसाठी कागद भोपाळपर्यंत फिरणार! समितीमुळे पैसा आणि निर्णय दोन्ही रुग्णालयाच्या आवारात आले. हा बदल मोठा होता. लवकरच मध्य प्रदेशातल्या इतर सरकारी रुग्णालयांमध्येही अशा समित्या आल्या. २००० साली ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्क या आंतरराष्ट्रीय संस्थेनं या प्रयोगाला पुरस्कार दिला. एप्रिल २००५मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं तर ही कल्पना देशभर नेली. महाराष्ट्रात तिचं नाव झालं ‘रुग्ण कल्याण समिती’. जिल्हा रुग्णालयाच्या समितीला वर्षाला ५ लाख रुपये, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीला १ लाख रुपये, अशी अनुदानाची सोयही झाली.

मग गाडं अडलं कुठं?

पहिली अडचण शुल्काचीच. रुग्णांच्या खिशातून येणारी ही रक्कम रुग्णालयाच्या एकूण खर्चापुढं अगदीच किरकोळ ठरते. त्यातून पंखे, खुर्च्या, रंगरंगोटी होते. परिचारिकांची रिकामी पदं भरता येत नाहीत. दुसरी अडचण त्याहून गंभीर. गरिबाला सूट असते, पण गरिबी सिद्ध करायला कागद लागतो आणि मध्यरात्री बाळंतिणीला घेऊन आलेल्या माणसाच्या खिशात तो कागद असतोच असं नाही. आफ्रिकेतल्या युगांडा देशानं २००१मध्ये सरकारी आरोग्य केंद्रांतलं शुल्क रद्द केलं, तेव्हा तिथं येणाऱ्या रुग्णांची, विशेषतः गरिबांची, संख्या झपाट्यानं वाढली. म्हणजे तोवर ही माणसं आजारी पडत नव्हती असं नाही, ती घरीच कुढत होती.

महाराष्ट्रानंही १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत केलं. निर्णय स्वागतार्हच. पण खिडकीवरचे पैसे बंद झाले, तर तेवढी भरपाई तिजोरीतून व्हायला हवी. ती झाली नाही, तर ‘मोफत’चा फलक तेवढा उरतो आणि औषध पुन्हा बाहेरूनच आणावं लागतं.

तिसरी अडचण माणसांच्या स्वभावाची. नव्याचे नऊ दिवस सरले, की समितीच्या बैठका लांबतात, सदस्यांना आपण सदस्य आहोत याचाही विसर पडतो. महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालांत यावर ताशेरे ओढले आहेत. दात्यांचा उत्साह संकटाच्या वेळी उसळतो, रोजच्या फिनेलसाठी नाही.

त्याच पैशात जास्त औषधं

त्याच सुमारास दक्षिणेत वेगळा विचार चालला होता. पैसा वाढत नसेल, तर निदान आहे तो गळता कामा नये, असं तमिळनाडूनं ठरवलं. औषधखरेदीत तिथंही घोटाळे गाजले होते. त्यातून जुलै १९९४मध्ये ‘तमिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन’ या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि जानेवारी १९९५पासून तिनं काम सुरू केलं.

तिची कार्यपद्धती एखाद्या चोख वाणसामानाच्या हिशेबासारखी होती. आधी शेकडो औषधांच्या यादीला चाळणी लावून खरोखर गरजेची अडीचशेच्या आसपास औषधं निवडण्यात आली. ती कंपन्यांच्या ब्रँडच्या नावानं न घेता मूळ औषधी नावानं घ्यायची, म्हणजे जाहिरातीचे पैसे मोजावे लागत नाहीत. निविदा दोन पाकिटांत मागवायच्या. आधी कारखान्याची पात्रता तपासायची, त्यात उतरला तरच दराचं पाकीट उघडायचं. आलेल्या मालाच्या प्रत्येक खेपेचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे, तेही कारखान्याचं नाव झाकून. पाकिटावर ठळक छापायचं, की हे औषध सरकारी आहे, विक्रीसाठी नाही. त्यामुळे ते मागच्या दारानं दुकानात पोचणं अवघड झालं.

सर्वांत साधी आणि सर्वांत हुशार गोष्ट म्हणजे पासबुक. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखं पासबुक मिळालं. वर्षाला किती रुपयांची औषधं उचलता येतील, किती उचलली, किती शिल्लक आहेत, हे त्यावर दिसणार. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं आणि ती मुख्य कार्यालयाशी संगणकानं जोडलेली. ज्या गावात साप चावण्याचे प्रकार जास्त, तिथल्या डॉक्टरनं ती लस जास्त उचलावी. राजधानीत बसून कुणी त्याच्या गळ्यात नको असलेला माल मारायचा नाही. शिवाय तातडीच्या स्थानिक खरेदीसाठी काही रक्कम हाताशी होतीच.

परिणाम असा, की त्याच पैशात जास्त औषधं येऊ लागली आणि ती संपण्याआधी पोचू लागली. पुढं केरळनं ही पद्धत उचलली. राजस्थाननं २ ऑक्टोबर २०११पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली, तीही अशाच महामंडळाच्या बळावर. सामान्य कुटुंबाच्या दृष्टीनं याचं मोल मोठं आहे, कारण उपचारांसाठी लोक पदरचे जे पैसे मोजतात, त्यांतला मोठा वाटा औषधांवरच जातो.

मात्र चेन्नईचं उदाहरण देताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. तिथं चोख खरेदीच्या मागं सरकारची दरवर्षीची तरतूद उभी होती. शिवाय या राज्याला १९३९पासूनचा सार्वजनिक आरोग्य कायदा आणि साथरोगांसाठी वेगळी यंत्रणा यांचा वारसा होता. काटकसरीनं पैशाला बरकत येते. पैसाच नसेल, तर काटकसर तरी कशाची करणार?

सुरतेची सकाळ

आणि ज्या शहरामुळे देश हादरला, त्या सुरतेचं काय झालं? प्लेगमध्ये ५०हून अधिक माणसं दगावली होती, हिऱ्यांचा आणि कापडाचा धंदा ठप्प झाला होता. मे १९९५मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी केलं ते एका वाक्यात सांगता येतं. अधिकाऱ्यांना वातानुकूलित खोल्यांतून बाहेर काढून रोज सकाळी रस्त्यावर आणलं. कोणत्या भागात कोण जबाबदार हे ठरलं, अधिकार विभागीय कार्यालयांकडे गेले, अस्वच्छ हॉटेलांवर कारवाई झाली, मोठमोठी अतिक्रमणं हटली. दीड-दोन वर्षांत घाणीसाठी बदनाम असलेलं शहर स्वच्छतेसाठी ओळखलं जाऊ लागलं.

राव पुढं बदलून गेले, पण सकाळची फेरी बऱ्याच अंशी टिकली. २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत देशात संयुक्तपणे पहिलं आलं. त्याचं कारण केवळ एका अधिकाऱ्याची धडाडी नाही. महापालिकेकडे स्वतःचं उत्पन्न होतं, तेव्हा जकात होती. साफसफाईचा खर्च कुणाच्या देणगीवर अवलंबून नव्हता. आणि काम नाही झालं, तर कुणाला विचारायचं हे नागरिकांना ठाऊक होतं.

रोग गेला, पैसा गेला

सार्वजनिक आरोग्याचं एक दुर्दैव आहे. हे काम चांगलं झालं तर काहीच घडत नाही. आणि काहीच घडत नसेल, तर पैसा कशाला द्यायचा, असं तिजोरी सांभाळणाऱ्यांना वाटू लागतं.

याची किंमत देशानं एकदा फार जबर मोजली आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसं दगावत. १९५३मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८मध्ये त्याला निर्मूलनाचं रूप आलं. डीडीटीचे पंप पाठीवर घेऊन येणारे आणि घराच्या भिंतीवर तारीख लिहून जाणारे कर्मचारी जुन्या पिढीला आजही आठवत असतील. १९६५पर्यंत रुग्णांची नोंद वर्षाला जेमतेम एक लाखावर आली. हिवताप गेला, असं सर्वांनी मानलं. लक्ष उडालं, पैसा आणि डीडीटी दोन्ही कमी पडू लागले, डासही औषधाला दाद देईनासे झाले. १९७६ साली रुग्णांची नोंद ६४ लाखांवर पोचली होती!

तीस वर्षांनंतरचं इंदूर

आता पुन्हा इंदूरकडे वळू. २०१७पासून सलग सात वर्षं या शहरानं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर हा मान मिळवला. इथल्या कचरागाड्यांचा कारभार बघायला देशभरातून पाहुणे येतात. आणि याच शहरात, त्याच ‘एम. वाय.’ रुग्णालयात, २०२५च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदरांनी कुरतडलं. पुढच्या काही दिवसांत दोन्ही बाळं दगावली. मृत्यू जन्मजात व्याधींमुळे झाले, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. पण अतिदक्षता विभागात उंदीर आले कसे, याला काय उत्तर? साफसफाई आणि उंदीर-कीटक नियंत्रणाचं काम ठेकेदाराकडे होतं. दंड झाला, निलंबनं झाली, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

शहराचे रस्ते लखलखीत आणि रुग्णालयात उंदीर, हे कसं? दोन्ही एकाच गावातली. फरक व्यवस्थेचा आहे. रस्त्याच्या सफाईसाठी महापालिकेकडे रोजची माणसं, रोजची तपासणी आणि घराघरातून येणारा कर आहे. कचरागाडी एक दिवस आली नाही, तर गल्लीतला प्रत्येक जण फोन करतो. रुग्णालयात मात्र काम एका कंत्राटावर सोपवलेलं, आणि ते झालं की नाही हे बघणारा कुणी नाही. तिथं येणारा माणूस गरीब, आपल्या दुखण्यानं गांजलेला. तो तक्रार कुणाकडे करणार? ऐपत असलेली मंडळी केव्हाच खासगी रुग्णालयाकडे वळलेली. १९९४मध्ये देणग्या देणाऱ्या घरांतली किती माणसं आज ‘एम. वाय.’मध्ये उपचार घेत असतील?

महाराष्ट्रानं इंदूरला नावं ठेवण्याचं कारण नाही. ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधांची टंचाई नव्हती, असं प्रशासनानं सांगितलं. तरी औषधखरेदीचा प्रश्न ऐरणीवर आलाच. खरेदीचं काम २०१७मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेलं, मग २०२३मध्ये वेगळं प्राधिकरण करण्याचा कायदा झाला. तमिळनाडूनं १९९५मध्ये बसवलेली घडी आपल्याकडे अजून बसतेच आहे!

हिशेब विचारायचा कुणी?

तीन शहरांच्या या जमाखर्चातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. देणग्या आणि शुल्कानं सुरुवात होते, पण गाडा ओढला जात नाही. चोख खरेदीनं पैसा पुरवठ्याला येतो, पण मुळात पैसा असावा लागतो. रुग्णालय टिकतं ते तीन गोष्टी एकत्र आल्यावर: दरवर्षी खात्रीनं मिळणारी सरकारी तरतूद, तिचा जागच्या जागी वापर करण्याचा अधिकार आणि रोज बघणारे डोळे.

यांतली तरतूद अजूनही लंगडी आहे. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं वचन दिलं होतं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२मध्ये, म्हणजे कोरोनाच्या काळातही, तो १.८४ टक्केच होता. चित्र सुधारलंय हे खरं. २०१३-१४मध्ये आरोग्यावर खर्च होणाऱ्या १०० रुपयांतले ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरत होते, २०२१-२२मध्ये ते ३९वर आले. पण हे ३९ रुपये आजही अनेक घरांत मंगळसूत्र गहाण ठेवून उभे केले जातात.

डोळ्यांचं काम मात्र सरकारवर सोपवून चालणार नाही. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती आहे. तिचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, गेल्या वर्षी किती पैसे आले आणि कशावर गेले, हे विचारण्याचा हक्क माहिती अधिकाराच्या २००५च्या कायद्यानं प्रत्येकाला दिला आहे. कुठली औषधं उपलब्ध आहेत, याचा फलक दर्शनी भागात आहे का, हे जाता-येता बघता येतं. मुलांचं लसीकरण, रक्तदाब-मधुमेहाची तपासणी यांसाठी तरी ऐपत असलेल्या कुटुंबांनी सरकारी केंद्राची पायरी चढली, तर तिथल्या कारभारावर आपोआप वचक बसतो. महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेशोत्सव मंडळं यांनी वर्षातून एकदा फळवाटप करण्याऐवजी दर महिन्याला एक फेरी मारून स्वच्छतागृह आणि औषधाची खिडकी बघितली, तर त्याचा उपयोग कितीतरी जास्त होईल.

आणि निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला रस्ता, पाणी, वीज यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा: आमच्या दवाखान्यासाठी यंदा किती तरतूद झाली आणि त्यातली किती प्रत्यक्ष खर्च झाली?